घरचा डाव

नातीला बुद्धिबळाच्या स्पर्धेला घेऊन आलेल्या आजी चहाच्या रांगेत उभ्या होत्या. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये म्हणतात, पण कानांना काही कुलूप लावता येत नाही. पुढे गळ्यात टेप विसरलेला एक शिंपी आणि त्याची बायको.

"पुढच्या फेरीत तुझी गाठ माझ्याशीच. घरच्यासारखं खेळ म्हणजे झालं."

"घरच्यासारखं नाही खेळणार."

"का गं? मी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवतो, तूही तसंच सरकवतेस. इतकी वर्षं हीच सुरुवात."

"सुरुवातीचं काही नाही हो. पुढे तुमचा वजीर अडकतो, तेव्हा मी दुसरीकडे बघते."

"मुद्दाम?"

"हरलात की ताटावर राग काढता. अर्धपोटी उठता."

"म्हणजे मी आजवर जिंकलो ते..."

"सगळे नाही. लग्नानंतरचे पहिले काही डाव तुमचेच. मला तेव्हा घोडा कसा चालतो तेही कळत नव्हतं."

रांग सरकली. शिंप्याने टेप काढून खिशात कोंबला.

"आज बघशील दुसरीकडे?"

"आज नाही."

"बरं."

"रागावलात?"

"बघू." तो चहावाल्याकडे वळला. "दोन द्या. हिचा जरा कडक करा, डुलकी लागली म्हणून हरले असं नंतर सांगायला नको."