टेरलीनच्या घरात एकच धोतर

…आन् वर मलाच म्हंत्यात, 'आबा, जरा आत बसा, लोकं हसत्यात.' हसंनात की. पर माझं धोतर कुनी न्हेलं, त्ये तरी इचारा!

तुमास्नी सांगतो, घरात टेरलीन आलं थोरल्या ल्योकापायी, लालासाबापायी. मिलटरीत हाय त्यो. गेल्या साली सुट्टीवर आला, ट्रंक उघडली… गड्यांस्नी पँटी, बायकांस्नी नायलानच्या साड्या. 'आबा, धुतलं की वाळतंय, आन् जलमात फाटत न्हाई.' झालं. आमच्या मंडळीनं, शालूबाईनं, समदी जुनेरं बोहारनीच्या म्होरं वतली आन् स्टीलचा डबा घेतला. वाळत घातल्यालं माझं धोतरबी गेलं, अंगावरचं तेवढं वाचलं. मी म्हनलं, 'आगं, फाटत न्हाई त्ये कापूड मऊ कवा हुनार?' समदी हसली… येडं म्हातारं.

आता वैशाखात लेक आली बाळतपनाला, पलूसहून. नातू झाला. आमच्यात तान्ह्या पोराला नवं कापूड लावत न्हाईत. जुनंच, धुऊन धुऊन लोन्यावानी झाल्यालं, त्येचीच बाळुती. शोधाय लागली की सारी. ट्रंका उघडा, बोचकी सोडा… समदं टेरलीन. साल झालं वापरून, तरी पत्र्यावानी. फाटत न्हाई ना. शेजारच्या त्रिशलावैनींकडं गेली, तर त्येंनीबी जुनेरं देऊन पातेलं घेतल्यालं. शेवटी नायलानचा तुकडा गुंडाळून पोरगं बघाय आलेल्या विहीनबाईच्या मांडीवर दिलं. पोरानं धार सोडली… कापूड कोरडं ठनठनीत आन् विहीनबाई चिंब. मी लय हसलो.

हसलो तशी शालूबाईची नजर वळली. तोंडाकडं न्हवं, खाली.

'आवं, जरा उबं ऱ्हावा की.'

'कशाला गं?'

'पोराच्या अंगावर पुरळ उठलंय. तुमचं कसं लोन्यावानी झालंय.'

असं कवतिक उभ्या संसारात झालं न्हवतं, गड्या.

'आगं, एकच हाय.'

'मग लालासाबाची पँट घाला. फाटत न्हाई.'

कात्री तिच्या हातात हुतीच.

पोरगं आता निवांत निजतंय. आन् मी टेरलीनच्या पँटीत… घाम टिपत न्हाई, पिंडरीवरनं वघळतूय. बसलो की चिकटतीया, उठलो की सोलतीया. फाटत न्हाई म्हंत्यात. मी वाटच बघतूय.

बरं, संपलं म्हनावं, तर आज सकाळी धाकट्या सुनंनं चिंच मागितली… तवापासनं समदी माझ्या डोईच्या जुन्या पटक्याकडं बघाय लागल्यात.