सावरगावचा गोटा

पेशंटशी मी एकदाच खोटं बोललो, तेही पकडलं गेलं बघा! छप्पनच्या राज्य पुनर्रचनेत आम्ही नागपूरवाले नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो, पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं होतं. तिथल्या एका पेशंटला नदीपलीकडच्या सावरगावचा त्याचा साळा घेऊन आला.

“डाक्टरसाहेब, भाऊजीले कॅन्सर सांगू नका, हिंमत सोडतीन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं नदीवर दगडं मारतात न, त्या गोटमारीत माह्या हातचा गोटा त्यायच्या छातीले लागला होता, त्याचंच दुखणं हाय म्हणा.”

तेच सांगून मी फुप्फुसाचा तुकडा काढला. साळा रोज उशाशी बसून हात जोडायचा, “चुकलो, भाऊजी.”

टाके काढताना पेशंट हळूच म्हणाला, “कॅन्सर होता, मले मालूम हाय. पण मले कळलं हे त्याले सांगू नका. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माफी मागून राहिला!”