फिल्टरवर फिल्टर

नात : आजोबा, ओढा ना जोरात!

आजोबा : ओढतोय गं चिमणे. तू लांब उभी राहा, धूळ उडेल. हा असा अडकलाय का... अरेच्चा! एका फिल्टरमागे दुसरा?

नात : आईनं लावला. मी दवाखान्यातून आले ना, तेव्हा.

आई : बाबा, त्याला हात लावू नका!

आजोबा : अगं, घर गरम होत नाहीये. हे गरम हवेचं यंत्र नुसतं घरघरतं नि बंद पडतं.

आई : पडू दे. धूळ नको. त्या दिवशी हिचे ओठ निळे पडले होते, तुम्ही नव्हतात.

आजोबा : असतो तर मीही चार लावले असते. ये, बस. हा रुमाल नाकावर धर. घे श्वास.

आई : मी काय शाळेत आहे?

आजोबा : शाळेत तरी कुठं ऐकायचीस! आता चार घड्या कर. घे.

आई : ...जड जातंय.

आजोबा : यंत्राचंही तेच. धुळीबरोबर हवाही अडते. एकच लावायचा, बेताचा, आणि मळला की बदलायचा. चिमणे, हा नवा धर. त्याच्या कडेचा बाण कुणीकडे आहे?

नात : माझ्याकडे.

आजोबा : मग उलटा धरलास. हवा यंत्रात जाते ना, तिकडे बाण.

नात : बसला! आई, आता मी खाली जाऊ? सगळे खेळतायत.

आई : नको.

नात : फाटकापर्यंत?

आई : नको म्हटलं ना!

आजोबा : डॉक्टर काय म्हणाले?

आई : फिरू द्या म्हणाले. दम्याचा पंप जवळ ठेवा. त्यांचं काय जातंय म्हणायला!

आजोबा : बरं. इथं यंत्राची हवा येते त्या जाळीपाशी हात धर जरा.

आई : ...गरम येतंय.

नात : आई?

आई : फाटकापर्यंतच. पंप खिशात, मफलर नाकावर. आणि मी बरोबर येणार.

नात : चल मग!

आई : थांब गं. माझ्या चपला कुठं गेल्या?

नात : या काय, दारामागे. आई, केवढी धूळ बसलीय यांच्यावर! तूही गेली नाहीस ना कुठं? थांब, फडकं आणते.

आई : राहू दे. पुसत बसले, तर माझा पाय निघायचा नाही.