एका नावाची पाच गावं

पोस्टाच्या खिडकीशी आजींचं पार्सल अडलं होतं आणि मागची ताई घाईनं चुळबुळत होती.

"आजी, या नावाची गावं जगात पाच आहेत. देश कुठला?" खिडकीमागच्या कारकून बाईंनी विचारलं.

"जावयाची नवी बदली हो, देशाचं नाव जिभेवर बसेना. लेक महिन्याभरात बाळंत होईल, दुपटी वेळेत पोचायला हवीत."

"मग फोन करा तिला."

"आत्ता तिकडे मध्यरात्र. पोटुशी पोर, कशी उठवू?"

"म्हणजे तीन गावं बाद. दुपटी सुती?"

"लोकरीची. बर्फ पडतोय तिकडे."

"मग हाच देश. या पडद्यावर नाव वाचा बरं."

"हाच गं बाई. केवढं जग फिरलीस."

"कुठलं, याच खुर्चीतून. एकदा माझ्या चुकीनं स्वेटर भलत्याच गावी गेला. तिथल्या पोस्टमननं 'इथे उन्हाळा आहे' असं लिहून योग्य गावी धाडला. तेव्हापासून विचारून घेते. ताई, या पुढे. घाई आहे ना?"

"छे हो. बाकीची चार गावं कुठं आहेत?"