भात सोडला, वाईन धरली

"उपाशीपोटी वाईन नको गं," असं मैत्रिणीने बजावलं होतं, तेव्हा प्रतीक्षाने ते हसण्यावारी नेलं होतं. आज बोईसरच्या एका हॉटेलाबाहेर, छोट्या स्वराला मांडीवर घेऊन ती टेबलाची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर एक वयस्कर नवरा-बायको बसले होते.

"सुलू, चिकूची वाईन मागवूया. चिकू आपल्या वाडीतलाच."

"गोड असते ती. मंग भात कशाला सोडलात?"

"बरं, ड्राय मागवतो. तिच्यात साखर नावालाच."

"आणि खायला?"

"पापलेट. रवा न लावता."

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"शुगरची गोळी."

"गोळीनं पोट भरतं होय? आदी पापलेट, मंग पेला!"

"तू पोलीस हायस का?"

"बायको हाय. हात का थरथरतायत?"

"एसीनं."

"अवो, एसी आत हाय. आपण भायेर बसलोय!"

प्रतीक्षाने स्वराच्या पिशवीतला आंब्याचा ज्यूस पुढे केला.

"घ्या काका, उपाशीपोटी गोळी घेऊन शुगर उतरली असेल तुमची. आधी हा प्या."

"गोड हाय ना?"

"गोडच हाय. गप प्या!" सुलूकाकी म्हणाल्या.

तुमच्याकडे कुणी भात सोडलाय का? जेवायला बाहेर निघण्याआधी त्यांना एक फोन करा आणि विचारा, सकाळपासून काय खाल्लंत?