श्वास सोडून घेतलेलं माप

— हलू नकोस म्हटलं ना! टाचणी बरगडीत घुसली म्हणजे माझ्या नावाने रडशील — म्हणजे रडणार तरी कशी, आवाज काढायचा नाहीये तुला शुक्रवारपर्यंत. घशाला विश्रांती. ठाऊक आहे मला. गळ्यात पाटी अडकवलीय ना? मग लिही तिच्यावर. काय? ‘घट्ट होतंय.’ होणारच घट्ट! नाटकातल्या डचेसचा पोशाख आहे हा, गसी, झोपायचा झगा नाही. त्या बायका काय झबली घालून दरबारात जायच्या? विचार तुमच्या मिस्टर डनवुडींना. दिग्दर्शक ना ते? त्यांना सगळं कळतं — कुणाला कुठलं काम द्यायचं, हे तर फारच छान कळतं!

नाही, तुझ्यावर नाही गं राग. तू काय करणार? ज्या नाट्यगृहात गायचं त्याच्याच दारावर तुझ्या आजोबांचं नाव, पेंडलटन, हातभर अक्षरांत — त्यात तुझा काय दोष? आणि आवाज आहे तुला, नाही कोण म्हणतंय. पण माझ्या कोलेटला नाही? आठ वर्षांची असताना चर्चमध्ये गायली होती, बाहेर गुडघाभर बर्फ, गाड्या गाडल्या जातायत — आणि एक माणूस जागचा उठेना! आणि इथे? चार वर्षं, चार ऑडिशन्स, चार वेळा त्या दारावरची यादी मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली — काय होतं? ‘कोलेट लेव्हेक, प्रकाशयोजना, मदतनीस.’ शिडीवर चढून दिवे फिरवते माझी पोरगी! का? तर शिवणखोलीतल्या बाईची मुलगी. नोकरांची मुलं फुकट शिकतात ना इथे, तेवढे उपकार पुरे झाले. माहितीपत्रकात मात्र छापायचं — ‘प्रत्येक मुलात दडलेला कलावंत आम्ही शोधतो.’ डोंबल शोधतात! तळपायाची आग मस्तकात जाते ते वाचून.

हात वर कर. आणखी. शुक्रवारी बॉस्टनच्या संगीत कॉलेजची माणसं येणार, तिसऱ्या रांगेत बसणार, वही उघडणार — तुझ्यासाठी. तुला काय, हे कॉलेज नाही तर दुसरं. कोलेटला हे एकच होतं. अर्ज मी भरलाय तिचा, एकेक रकाना, रात्र-रात्र बसून — तिने नुसती सही केली. म्हणाली, तू भर आई, तुझं अक्षर चांगलंय. आणि सोमवारी सकाळी पत्र हजर. मुख्य भूमिकेचा अनुभव नाही, सबब गाणं ऐकण्यासाठी बोलावता येत नाही. ऐकणारसुद्धा नाहीत! न ऐकताच नाही म्हणतात, मेले! मी ते पत्र ह्या एप्रनच्या खिशात कोंबलं, डोळे पुसले, आणि दुपारी तुझं माप घ्यायला उभी राहिले.

बावीस वर्षं शिवतेय मी ह्या शाळेत. गाणाऱ्या पोरींचं माप कसं घ्यायचं, मला झोपेतून उठवून विचार — छाती भरून श्वास घे, धरून ठेव, मग टेप. कारण तो वरचा लांबलचक सूर लावताना बरगड्या फुलतात, कापडाने जागा द्यायला हवी, नाही दिली तर सूर मध्येच तुटतो. प्रत्येकीला सांगते. एकीच्याही बाबतीत चुकले नाही. आणि सोमवारी तुला काय म्हणाले? ‘सोड श्वास गसी, सगळा सोड’ — आणि तू सोडलास, शहाण्या मुलीसारखा —

अशी बघू नकोस माझ्याकडे.

चुकून निघालं तोंडातून. पत्र डोक्यात होतं ना, म्हणून. चुकून... कसलं चुकून! बावीस वर्षांत नाही चुकले ती नेमकी सोमवारीच कशी चुकेन? जा, लिही पाटीवर, दाखव डनवुडींना, दाखव तुझ्या आजोबांना, म्हणावं लेव्हेकबाईंनी मुद्दाम केलं. कामावरून काढू देत मला. पण थांब, हे बघ, आतून बघ — दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया सोडलीय मी शिवणीत. तुझं वाटोळंच करायचं असतं तर कापून नसती का टाकली? उसवून सैल करणारच होते. गुरुवारी. नाहीतर शुक्रवारी सकाळी. नाहीतर — नाही माहीत मला! करणार होते की नाही, खरंच नाही माहीत.

काय लिहितेयस एवढं? आण इकडे. चष्मा कुठे गेला... ‘कोलेट गायलीच नाही.’

म्हणजे? कधी? ... ‘एकाही ऑडिशनला.’ खोटं आहे. ती जायची, मी स्वतः केस विंचरून पाठवायचे तिला. मग? ‘स्टेजवर जाते, मिस्टर डनवुडींना थँक यू म्हणते, खाली उतरते.’ दर वर्षी? चारही वेळा? — मान काय हलवतेस, बोल ना! नको, नको बोलूस, घसा... लिही. ‘तिला दिवेच आवडतात.’

अगं पण घरी येऊन म्हणायची, गायले आई, छान गायले, पण त्यांना मोठ्यांच्याच मुली हव्यात. म्हणायची, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवायची. आणि मी इथे दात-ओठ खात तुमचे घेर शिवायचे. मला एका शब्दाने सांगता नाही आलं तिला? एवढी काय मी — मी काय खाणार होते तिला? कुणाकुणाला ठाऊक होतं हे? डनवुडींना? सगळ्या वर्गाला?

बरं.

उतर त्या स्टुलावरून. काढ तो पोशाख, जपून, टाचण्या आहेत. मी उसवते आत्ताच. उद्या जेवणाच्या सुट्टीत ये, नीट माप घेऊ. आता परत काय? ‘मी कुणाला सांगणार नाही.’ पुस ते. पुस म्हणते ना! दया दाखवू नकोस मला, सतरा वर्षांची पोर तू. जा. आणि ऐक, कोलेट असेल शिडीवर, तिला सांग, आईला — नको. काही सांगू नकोस. जा तू.