खिशातला पितळी आकडा

मावशी : अहो, अहो आजोबा! आज त्या दाराला काय टोचताय?

आजोबा : टोचत नाही, उघडतोय. हा पितळेचा आकडा आहे, मी स्वतः घडवलेला. दाराची मूठ, लिफ्टचं बटण, पाण्याच्या मशीनची तोटी, सगळं याने. तीन वर्षांत बाहेरच्या एकाही वस्तूला माझं बोट लागलेलं नाही.

मावशी : वा! सत्कारच करायला हवा तुमचा. पण रोज सांगतेय, या दाराआड दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं आहेत. आधी बेसिनवर हात धुवायचे, मग आत. मला इथे त्याच कामाला बसवलंय.

आजोबा : हात धुवायला सांगायला माणूस बसवावा लागतो?

मावशी : लागतो ना. तुमच्यासारख्या शहाण्यांसाठी तर मुद्दाम.

आजोबा : शहाणपणाचं मला सांगू नका, बाई. आत्ता खाली लिफ्टमध्ये एक गृहस्थ तळहातावर शिंकला आणि त्याच हाताने त्याने तिसरा मजला दाबला. माझ्यादेखत! मी तसाच बाहेर पडलो आणि चार मजले चढून आलो.

मावशी : कठडा न धरता?

आजोबा : कठडा? त्या कठड्यावर दिवसाला किती तळवे घासले जातात, कल्पना आहे?

मावशी : आहे. मीच पुसते तो, दिवसातून तीनदा. ते जाऊ दे. तुमचं हे चार दिवस चाललंय. पहिल्या दिवशी नळ गळतो म्हणून परत गेलात. दुसऱ्या दिवशी साबणाची बाटली चिकट. काल काय, तर मी फडकं बदललं नाही म्हणून माझ्यावर डाफरलात.

आजोबा : नव्हतंच बदललेलं.

मावशी : बदललं होतं! दारांना निळं, बेसिनला पिवळं. चष्मा पुसा जरा, म्हणजे रंग दिसतील.

(आतून दार किलकिलं होतं. आजोबांची लेक डोकावते.)

लेक : बाबा, चार वाजून गेले. साडेचारला नर्स सगळ्यांना बाहेर काढते. आज पहिल्यांदा माझ्या लेकीला काचेच्या पेटीतून बाहेर काढलंय. घरच्यांना हातात धरायला देणार आहेत. येताय ना?

आजोबा : येतो गं. पण इथली व्यवस्था बघतेस ना, या बाईंना साधं...

लेक : बघतेय. महिनाभर बघतेय. व्यवस्थेला नावं ठेवून झाली की या. आणि आजही परत गेलात ना, तर मी पुन्हा बोलावणार नाही. खरंच नाही बोलावणार, बाबा.

मावशी : गेली बघा आत. ऐकलंत ना? चला, घड्याळ काढा, बाह्या वर करा. आणि तो आकडा द्या इकडे.

आजोबा : आकडा कशाला? तो आहे म्हणून तर माझे हात स्वच्छ आहेत.

मावशी : शेवटचा कधी धुतलात?

आजोबा : काय?

मावशी : आकडा. कधी धुतलात?

आजोबा : तो धुवायचा कशाला?

मावशी : अगं बाई! तीन वर्षं?

आजोबा : अहो, त्याने मी फक्त दारं...

मावशी : हो ना, सगळ्या गावाची दारं! मग दारांवरची घाण काय आकड्याला बघून लाजली? ठेवता कुठे हा?

आजोबा : खिशात.

मावशी : कुठल्या?

आजोबा : या, वरच्या.

मावशी : म्हणजे चष्म्याशेजारी. आणि त्या रुमालाजवळ, ज्याने आत्ता माझ्यासमोर तोंड पुसलंत! तो लिफ्टमधला शिंकणारा परवडला हो. त्याने एक बटण घाण केलं. तुम्ही तीन वर्षांची घाण छातीशी घेऊन हिंडताय आणि वर नाकाने कांदे सोलताय!

आजोबा : बाई, मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. धुळीचा एक कण आत जाऊ दिला नाही कधी.

मावशी : तेव्हा चिमटा पुसत होतात की नाही?

आजोबा : दर वेळी. स्पिरिटने.

मावशी : मग हा?

आजोबा : सुचलंच नाही. तीन वर्षांत एकदाही सुचलं नाही.

मावशी : आता कुठे निघालात? जिना तिकडे आहे, दार इकडे.

आजोबा : मी नाही जात आत. तिला सांगा, बाबांची तब्येत बरी नव्हती.

मावशी : मी का खोटं सांगू? घाबरून पळाले म्हणून सांगेन.

आजोबा : सांगा! घाबरलोच आहे मी. तीन वर्षांपूर्वी हिची आई अशाच एका दवाखान्यात होती. साधं ऑपरेशन, आठवड्यात घरी येणार होती. मी रोज बसने जायचो. गर्दीत दांडा धरून उभा, आणि उतरलो की तसाच तिच्या उशाशी. त्याच हाताने तिला पाणी पाजायचो, पट्टी सरकली तर सारखी करायचो. मग जखम चिघळली आणि दहाव्या दिवशी गेली ती. डॉक्टर म्हणाले, जंतू कुठूनही आला असेल. कुठूनही म्हणे! मला ठाऊक आहे कुठून आला.

मावशी : डॉक्टरांना ठाऊक नाही आणि तुम्हाला ठाऊक?

आजोबा : मी एकदाही हात धुतले नव्हते हो. एकदाही.

मावशी : तिथे होतं का कुणी दाराशी बसलेलं? खेकसायला?

आजोबा : नाही. कुणी काही बोललंच नाही.

मावशी : इथे मी आहे. आणि मी कुणाला सोडत नाही, परवा मोठ्या डॉक्टरांना परत फिरवलं. या इकडे. आकडा टाका त्या साबणाच्या पाण्यात. आता नळ कोपराने ढकला. हं. साबण घ्या. अजून. कंजुषी कसली करताय?

आजोबा : बस्स?

मावशी : बस्स काय? बोटांच्या मधे. नखांखाली. अंगठा सगळेच विसरतात, तुम्हीही विसरलात. मनगट, वर कोपरापर्यंत. चाळीस सेकंद चोळायचं.

आजोबा : चाळीस सेकंद म्हणजे किती, ते मला नका शिकवू.

मावशी : किती झाले मग?

आजोबा : बावीस. तेवीस.

मावशी : घड्याळ तर काढून ठेवलंय.

आजोबा : घड्याळजी आहे मी. पस्तीस. मावशी, ती किती लहान आहे हो?

मावशी : तुमच्या तळहाताएवढं डोकं. अहो! डोळे पुसू नका त्या हातांनी! लागलात ना तोंडाला हात लावायला? पुन्हा पहिल्यापासून. घ्या साबण.

आजोबा : चिडू नका. घेतो.

मावशी : चिडणारच. आणि गाल ओला आहे तो राहू दे तसाच, आपोआप वाळेल. झाले चाळीस?

आजोबा : पंचेचाळीस.

मावशी : कागदाने टिपा. हात वर, छातीसमोर. असे.

आजोबा : चार वाजून अठरा झाले असतील. पण दार कसं उघडू? आकडा तर पाण्यात आहे.

मावशी : मी ढकलते पाठीने. चला. आणि ऐका, आता कशालाही हात लावायचा नाही. नातीला सोडून.